काकांचा बांध

दुसऱ्याच्या जागेत पाय न ठेवण्याच्या बाबतीत माझ्या चुलतसासऱ्यांचा हात धरणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर मिळायचा नाही. धूलकोटच्या वाटेवर त्यांची केळीची बाग आहे. बांधापासून दोन हात सोडूनच ते केळी लावतात. त्या दोन हातांत शेजाऱ्याने खुशाल भेंडी लावली, तर काका त्या भेंडीलाही पाणी देतात. तापीवरच्या राजघाटावर बसायचे तेही पायरीच्या अगदी कडेला. एकदा कोणी शेजारी येऊन बसला म्हणून सरकता सरकता नदीत पडले आणि पाण्यातूनच त्याला म्हणाले, "बसा, बसा, आरामसे बसा!"

अशा माणसाचा कॉम्प्युटर भरला. इतवारा बाजारातल्या दुकानदाराने जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या, चौपट मोठ्या डिस्कवर उतरवून दिलं, तरी पडद्यावर ‘जागा नाही’ हेच. दुकानदाराला जाब विचारणं काकांच्या रक्तातच नाही. ते रोज आपलंच काहीतरी पुसत बसले: बागेचे फोटो, बक्षीस मिळालेला केळीचा घड, स्वतःचा सत्कार. शेवटी उरली ती काकूंची भजनं. काकू गेल्या त्याच्या आदल्या वर्षी काकांनीच ती कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली होती. तेव्हा कुठे त्यांनी मला बोलावलं. पेनड्राइव्हवर घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "तिला काय खिशात घालून फिरू?"

मी डिस्कचा नकाशा उघडला. डावीकडे आमचा काठोकाठ भरलेला भाग, उजवीकडे भलीमोठी मोकळी जागा आणि मधे एक चिंचोळा पट्टा. तो पट्टा हलवला की आमचा भाग वाढवता येणार होता.

"हा बीचवाला पट्टा कोणाचा हो सूनबाई?"

"कंपनीचा. मशीन बिघडलं तर दुरुस्तीला राखून ठेवलेला."

"म्हणजे दुसऱ्याचाच ना? मग नको. माझ्या बापानं बांध नाही सरकवला, मी पण नाही सरकवणार."

मी कपाळाला हात लावला. "अहो काका, त्याचं काही घ्यायचं नाही. उचलून पार टोकाला न्यायचा, तेवढाच्या तेवढा."

"बिलकुल तेवढाच?"

आधीचा आकडा आणि हलवल्यावर होणारा आकडा त्यांनी चष्मा पुसून पुसून ताडून पाहिला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. मग आमचा भाग हळूहळू उजवीकडे पसरला. एकही भजन पुसावं लागलं नाही.

काका खूश झाले. शेवटचं भजन लावा म्हणाले. काकूंचा आवाज आला, जरासा घोगरा, पण गोड. भजन संपलं आणि त्या म्हणाल्या, "अजून एक म्हणू का हो?" त्यावर रेकॉर्डिंगमध्येच काकांचा आवाज आला, "बस कर आता. जागा नाही राहिली."

काका पडद्यावरच्या त्या लांबरुंद मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

"आता आहे जागा," ते हळूच म्हणाले. "म्हण ना."