शालिकरामजींची रबडी आणि ठकीची सुई

आमच्या शेजारचे शालिकरामजी म्हणजे अकोल्यातला सर्वात सरळ माणूस, असं एकट्या त्यांच्या बायकोला, गोदाबाईंना वाटायचं. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून ते घरात फिका चहा पीत. रबडी मात्र रोज दुपारी, गच्चीवर, टाकीच्या आडोशाला. मला माझ्या गच्चीवरून सगळं दिसायचं. त्यांची मांजर ठकी ओरडू नये म्हणून अर्धा द्रोण तिला. मी एकदा डोळे वटारले, तर त्यांनी द्रोण माझ्यापुढे केला. मी घेतला नाही. म्हणजे त्या दिवशी नाही.

पुढे ठकीलाच मधुमेह निघाला. गोदाबाई दोन्ही वेळा तिला आधी खाऊ घालत, मग मानेची कातडी चिमटीत धरून इन्सुलिन टोचत. तरी साखर उतरेना. जनावरांच्या डॉक्टरांनी मात्रा वाढवली, मग पुन्हा वाढवली.

"एवढं पथ्य करून राहिली मी, तरी काहून?" गोदाबाई रडकुंडीला येत, आणि हा साधुपुरुष छताकडे बघत बसे. मला असा संताप यायचा!

मग पुतणीच्या लग्नाला ते शेंदूरजनाघाटला गेले, सोबत मीही; ठकीच्या सुईसाठी गोदाबाई घरीच राहिल्या. दुसऱ्या संध्याकाळी पंगतीत गरम जिलेबी पानात पडली. शालिकरामजींनी ती उचलली आणि एकदम पांढरे पडले. कालपासून ठकीला रबडी नव्हती, आणि मात्रा तर रबडी खाणाऱ्या मांजरीची! जिलेबी पानात टाकून त्यांनी घरी फोन लावला. गोदाबाईंना ऐकू कमी येतं.

"सुई टोचली काय?"

"भरून हातात धरली हाये. काहून?"

"टोचू नको! मी तिले रोज रबडी देत होतो!"

"काय?"

"रबडी! रबडी!"

अख्खी पंगत जेवायची थांबली.

"अन् तुमी?" पलीकडून आवाज आला.

"मी बी."

गोदाबाईंनी ठकीच्या कानातून रक्ताचा थेंब काढून साखर पाहिली. बरीच उतरली होती. डॉक्टर म्हणाले, "आज टोचू नका. एवढ्या मात्रेनं मांजर दगावलं असतं." इकडे वाढप्यानं शालिकरामजींच्या पानातली जिलेबी न विचारता उचलून नेली.

आता ठकी थोड्या मात्रेवर ठणठणीत आहे, आणि त्यांच्या गच्चीला कुलूप आहे.

"एक जिलेबी खाऊन मग फोन करायचा ना, काका," मी परवा चिडवलं.

"तेवढ्यात तिनं टोचली असती तं?" ठकीच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले. मग घरात डोकावून, हळूच, "तुह्या गच्चीची चावी कोणापाशी असते बे?"