सानगडीची रक्षा आणि बोलणारा बसस्टँड

सानगडीच्या रक्षा कापगतेला दिसत नाही. ओळख होताच ती हे स्वतःच सांगून टाकते, म्हणजे समोरच्या माणसाला चाचरावं लागत नाही. सातवीत असताना मोठा ताप आला आणि त्यात नजर गेली. पुढे नागपूरला वसतिगृहात राहून ती बी.ए. झाली. आता साकोलीच्या एका खाजगी दवाखान्यात ती फोनवर बसते. पेशंटला वेळ देणं, डॉक्टरांना निरोप पोचवणं, एक फोन कानाला असताना दुसरा वाजला तर तोही सांभाळणं, या कामात दवाखान्यात तिची बरोबरी करणारं कोणी नाही.

घर ते सानगडीचा थांबा हा रस्ता ती काठी टेकत बिनधास्त जाते. अडायचं ते संध्याकाळी, साकोलीच्या स्टँडवर. गाडी आल्याचा आवाज येतो, पण ती कोणत्या गावची हे आवाजावरून कळत नाही. विचारावं, तर अर्धे लोक उत्तर देण्याआधी दंडच धरतात. अशाच एका भल्या माणसानं एकदा तिला जवळजवळ ढकलत गाडीत चढवलं, खिडकीजवळची जागा मिळवून दिली आणि खाली उतरून गेला. तिकीट मागितलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, "सानगडी? बाई, हे गाडी तं एकोडीले चालली!"

त्या दिवशी घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेली होती. आई, मनकर्णाबाई, फाटकाशीच उभी होती.

"उद्यापासून मी येते तुह्यासंगं," ती म्हणाली.

"तू काहून येशीन, माय? मले रस्ता येते. फक्त पाटी वाचता येत नाही," रक्षा म्हणाली. तिचा आवाज चिडका होता. राग आईवर नव्हता, त्या पाटीवर होता.

तिचा मोठा भाऊ भुपेंद्र पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्या आठवड्यात त्याचा फोन आला तेव्हा तो वेगळ्याच काळजीत होता.

"आमच्या ऑफिसात आता कोड मशीनच लिहून राहिली," तो म्हणाला. "कृत्रिम बुद्धिमत्ता. काय पायजे ते साध्या भाषेत सांगतलं का पूर्ण प्रोग्राम तयार. आम्ही इतके वर्षं शिकलो, त्याचं काय होते, काय माहीत."

"साध्या भाषेत म्हणजे? मराठीत सांगतलं तरी?"

"मराठीत सांग, नाहीतर आपल्या बोलीत सांग. समजते त्याले."

एकाच बातमीनं भाऊ खचला होता आणि बहिणीचे कान टवकारले होते. कारण कॉलेजात असताना तिनं प्रोग्रामिंग शिकायचा प्रयत्न केला होता. दिसत नसतानाही उत्तम प्रोग्रामिंग करणारे लोक जगात आहेत, हे तिला ठाऊक होतं. पण क्लासच्या सरांनी कधी अंध विद्यार्थी पाहिला नव्हता. संगणक वाचून दाखवायचा तोही इंग्रजीत, एकेक कंस आणि एकेक अर्धविराम. महिनाभर कान देऊन तिनं ते सोडून दिलं. सोडल्याचं दुःख मात्र सुटलं नव्हतं.

रविवारी जेवणं झाल्यावर ती फोन घेऊन ओसरीवर बसली आणि त्या मशीनशी बोलू लागली. "मले एक ॲप पायजे. मी स्टँडवर उभी राहीन. गाडी आली का फोनचा कॅमेरा तिच्याकडे धरीन. पाटीवर कोणत्या गावाचं नाव हाये, ते त्यानं माह्या कानात सांगतलं पायजे."

मशीननं दोन-तीन प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. चहाच्या वेळेपर्यंत ॲप तयार होतं. मनकर्णाबाईनं घरातली तांदळाची एक रिकामी चुंगडी, म्हणजे पोतं, समोर धरली, आणि फोननं तिच्यावरचं राइस मिलचं नाव खणखणीत वाचून दाखवलं.

"अवं माय!" मनकर्णाबाईच्या हातून चुंगडीच सुटली.

स्टँडवर मात्र पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. गाडी आली आणि फोन मोठ्या विश्वासानं म्हणाला, "दंतमंजन." बसच्या अंगावरची जाहिरात त्यानं वाचली होती. रक्षा उभ्या जागी हसत सुटली. घरी येऊन तिनं मशीनला समजावलं की पाटी समोरच्या काचेजवळ असते, बाकीचं वाचू नकोस. दुसऱ्या दिवशी दंतमंजन गेलं. मग प्रत्येक गाडीला ते "साकोली" म्हणू लागलं, कारण प्रत्येक पाटीवर साकोली होतंच. तेही तिनं दुरुस्त करून घेतलं. रोज संध्याकाळी चूक सापडायची, रोज सकाळी ती दुरुस्त झालेली असायची. एका कंपनीला ज्या कामासाठी माणसं बसवावी लागली असती, ते दवाखान्यात नोकरी करणारी एक मुलगी ओसरीवर बसून, तोंडानं सांगून करत होती.

खरा पेच पुढे आला. मशीन म्हणालं, सगळ्या चाचण्या पास झाल्या आहेत, ॲप पूर्ण झालं. त्याच संध्याकाळी फोननं ठामपणे "सानगडी" सांगितलं. रक्षानं पाय उचलला, पण सवयीनं कंडक्टरला विचारलं. गाडी लाखनीची होती.

ती बाकावर बसून विचार करू लागली. मग तिनं मशीनलाच विचारलं, "तू चाचण्या कोणत्या पाट्यांवर घेतल्या?" उत्तर आलं की मशीननं स्वतःच तयार केलेल्या पाट्यांच्या चित्रांवर. स्वच्छ, सरळ, छापील पाट्या. स्वतःच प्रश्नपत्रिका काढली होती आणि स्वतःच सोडवली होती. खऱ्या पाटीवर धूळ असते, काचेवर ऊन चमकतं, एखादं अक्षर खरवडलेलं असतं. तेव्हा ते अंदाज करायचं आणि अंदाज खात्रीच्या आवाजात सांगायचं.

त्या दिवसापासून रक्षानं कामाची रीतच बदलली. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत कैलाश पुस्तोडे बसायचे. माइकवरून गाड्या पुकारणं हे त्यांचंच काम. पण खिडकीशी गर्दी झाली की पुकारणं राहून जायचं. रक्षानं त्यांना विनंती केली, "काका, मी फोटो काढते. गाडी कोठची होय, ते तुम्ही फक्त सांगा." कैलाशकाकांनी एवढ्या पाट्या सांगितल्या की बाजाराच्या दिवशी त्यांचा घसा बसला. या खऱ्या पाट्यांवर तिनं ॲप पुन्हा पुन्हा तपासलं. आणि मशीनला एक नियम घालून दिला: नक्की दिसत नसेल तर नाव घ्यायचं नाही. "दिसत नाही, विचारा," एवढंच म्हणायचं.

दिवाळीत भुपेंद्र मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेसाठी, गावी आला. तिनं ॲपचा कोड लॅपटॉपवर उघडून त्याच्यापुढे ठेवला. तो बराच वेळ नुसता वाचत होता. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण माऊसचा आवाज थांबल्याचं तिनं ऐकलं.

"काय झालं, दादा? खराब हाये का?"

"खराब? हे आमच्या टीमनं केलं असतं तं दोन-तीन महिने गेले असते." मग त्यानं एक ओळ पुन्हा वाचली. "पण एक भोक हाये, रक्षा. तू काढलेले फोटो इंटरनेटवर उघडे पडून हायेत. त्यात लोकांचे चेहरे हायेत, लहान लेकरं हायेत. कोणीबी पाहू शकते."

रक्षानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "मले हे सुचलंच नाही."

"मशीनलेबी नाही सुचलं. म्हणून तं वाचावं लागते."

दोघं भाऊबहीण दुपारभर बसले. ती मशीनला सांगायची, मशीन लिहायचं, भुपेंद्र वाचून शंका काढायचा. इंटरनेटवरचे फोटो काढून टाकले, आणि नवा फोटो आता बाहेर न जाता पाटी वाचून होताच फोनमधूनच पुसला जाऊ लागला. उठताना भुपेंद्र म्हणाला, "लय दिवसांनी कामात मजा आली." पुण्याहून येताना जे ओझं तो घेऊन आला होता, त्यातलं बरंचसं त्या दुपारी उतरलं असावं, कारण मंडईत त्यानं पहिल्यांदाच स्वतःहून सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली.

आता रक्षाची हिंमत वाढली होती. ती आगारप्रमुख लांजेवार साहेबांना जाऊन भेटली. स्टँडच्या तोंडाशी एक फोन कायमचा बसवायचा आणि त्याचा आवाज भोंग्याला जोडायचा, असं तिचं म्हणणं होतं.

"आणि चुकीची गाडी पुकारली तर? लोक मला धरतील," साहेब म्हणाले.

"नक्की नसलं तं थे पुकारत नाही, साहेब. कैलाशकाकांच्या खिडकीत घंटी वाजवते. काका पाहतात आणि माइकवर सांगतात."

साहेबांनी भोंगा न जोडता आधी परीक्षा घेतली. बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, ते स्वतः फोनपाशी उभे राहिले. गाड्या येत गेल्या. फोन सांगत गेला. एका चिखलानं माखलेल्या पाटीपाशी तो अडला आणि खिडकीत घंटी वाजली. "लाखांदूर!" कैलाशकाकांचा बसका आवाज माइकवरून आला. साहेब हसले. "जोडा भोंगा."

सोमवारी सकाळी साकोलीचा स्टँड बोलू लागला. आवाज रक्षाचाच होता. गावांची नावं तिनं एकेक करून नोंदवली होती. "साकोली सानगडी, फलाट दोन." बाकांवरचे लोक वळून पाहू लागले. पुष्पाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई बोचकं घेऊन बसल्या होत्या. त्यांना डोळ्यांनी दिसत होतं, पण वाचता येत नव्हतं. आयुष्यभर गाडी त्यांनी दुसऱ्याला विचारूनच पकडली होती. भोंग्यानं लाखांदूर म्हणताच त्या उठल्या, कोणाला काही न विचारता फलाटावर गेल्या आणि चढल्या. कैलाशकाकांनी हे रक्षाला सांगितलं, तेव्हा ती काठी काखेत धरून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू लागली. कशासाठी हे न कळताही आसपासच्या चार जणांनी वाजवल्या.

तुमसर आणि पवनीच्या स्टँडवरूनही विचारणा आली. दवाखान्यातली नोकरी तिनं सोडली नाही, पण आठवड्यातले दोन दिवस आता या कामासाठी राखून ठेवले आहेत. गेल्या महिन्यात भंडाऱ्याला अंध मुलामुलींचं शिबिर होतं. तिथं तिची ओळख करून देताना संचालक म्हणाले, "या रक्षा कापगते, प्रोग्रामर." तिनं तो शब्द दुरुस्त केला नाही. खुर्ची ओढून ताठ बसली.

पुढच्या रांगेतून एका मुलीनं विचारलं, "ताई, मी काय बनवू?"

"तुले रोज कुठं अडते?"

मुलगी म्हणाली, "वसतिगृहात रोज भाजी कोणती आहे, ते ताटात पडेपर्यंत कळत नाही."

सगळे खदखदून हसले. रक्षाही हसली. मग तिनं मुलीचा हात शोधून तिच्या हातात हेडफोन दिला.

"चाल, लाव कानाले. सांग त्याले, तुले काय पायजे."