हुलगा बदलला ती दुपार

मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगांना एक ओलसर, हिरवट, किंचित मातकट वास असतो. मार्गशीर्ष उतरणीला लागला की आमच्या सेलूच्या गल्ल्यांमधून तो दुपारचा दरवळू लागतो, आणि जिनिंगच्या बाजूने वाऱ्यावर तरंगत आलेले कापसाचे तंतू ओसरीच्या जाळीला चिकटून थरथरू लागतात. त्या दिवशी मी अशीच शेंगांचं ताट शेजारी ठेवून उन्हात बसले होते. एक शेंग दातांत, हातात फोन, आणि फोनच्या इवल्याशा काचेत हुलगा नावाचा एक तपकिरी, वाटोळा, दोन मिशांचा जीव पांढऱ्या प्रकाशाने उजळू लागला होता. त्याला थांबवायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. अंगठा हलला नाही.

हे सगळं नीट सांगायचं तर समीक्षापासून सुरुवात करायला हवी. समीक्षा माझी भाची, धाकट्या भावाची, विलासची मुलगी. देवगाव फाट्यापासून आत त्याचं गाव आणि शेत. पाचवीनंतर मुलीने तालुक्याच्या शाळेत शिकावं म्हणून त्याने तिला माझ्याकडे आणून सोडलं, त्याला आता दीड वर्ष झालं. मी एकटी राहते, शाळेत गणित शिकवते. माझ्या घराला आवाजांची सवय नव्हती. ती आली आणि चपलांचे, भांड्यांचे, गुणगुणण्याचे आवाज आले. आणि माझ्या जुन्या फोनमध्ये तिने उतरवून घेतलेल्या त्या खेळाचं, एकदा कानात बसलं की निघता न निघणारं संगीतही आलं.

खेळ असा होता की रानावनात हिंडून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना पाळायचं, झुंजी खेळवायच्या. दर झुंजीगणिक प्राणी एकेक पायरी चढतो, आणि ठरावीक पायरीवर पोचला की त्याचं रूप पालटू लागतं. पिल्लाचा आडदांड प्राणी होतो; बळ वाढतं, पंख फुटतात, कवच येतं. पुन्हा मागे फिरता येत नाही. मात्र तो उजळत असतानाच्या चार-पाच क्षणांत बटण दाबलं तर सगळं थांबतं आणि पिल्लू पिल्लूच राहतं. पुढच्या पायरीवर तो पुन्हा उजळतो, पुन्हा विचारतो.

सुरुवातीला मी नुसती बघत असे. मग दिवाळीच्या सुट्टीत ती शेजारी बसवून मला शिकवू लागली आणि माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. कोणत्या पायरीवर बदलू दिलं तर किती बळ वाढतं, उशीर केला तर काय पदरात पडतं, याची आकडेमोड मी वहीच्या मागच्या पानांवर करू लागले. बाकी सगळे प्राणी समीक्षाने माझ्या हिशोबाप्रमाणे वेळच्या वेळी बदलू दिले. फक्त हुलगा नाही. तो तिने पकडलेला पहिला प्राणी. कुळथाच्या दाण्यासारखा रंग म्हणून तिनेच त्याला हे नाव दिलं होतं. तो उजळला की ती श्वास रोखायची आणि बटण दाबायची. नऊ वेळा तरी मी हे पाहिलं असेल.

“अगं, होऊ दे की मोठा आता,” मी म्हणायची.

“आताच न्हाई, आत्या. अजून येळ झाली न्हाई त्याची.”

“कधी होईल मग? कळणार कसं?”

“तो सांगंल.”

“तो सांगतोय की. दरवेळी उजळतोय बिचारा.”

“ते सवयीनं उजळायलाय. मनातून न्हाई.”

सवयीने उजळणं आणि मनातून उजळणं यांतला भेद ओळखण्याचं कोणतंही सूत्र मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी कुणाला शिकवू शकेन असंही वाटत नव्हतं. तरी तिच्या हट्टाला एक व्यवहारी आधार मीच शोधून दिला होता: हुलगा अठ्ठाविसाव्या पायरीवर होता आणि तिसाव्या पायरीवर, लहान रूपात असेल तरच, त्याला जमिनीत दडून बसण्याची एक विद्या मिळणार होती. मोठा झाल्यावर ती कधीच मिळत नाही. म्हणजे मनाच्या बाजूने आणि गणिताच्या बाजूने, दोन्हीकडून उत्तर एकच येत होतं. थांबायचं.

हुरड्याचे दिवस आले. शाळेला तीन दिवस जोडून सुट्टी मिळाली आणि विलास तिला गावी न्यायला आला. गावात आमच्या शेताकडे फोनला धड रेंज नसते. निघताना तिने फोन माझ्या हातात ठेवला. “रोज थोडं थोडं खेळ, आत्या. पण हुलग्याला न्हाई म्हण.” मोटारसायकलवर बापामागे बसून ती कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, आणि घर पुन्हा पूर्वीसारखं, तिच्या येण्याआधीच्या एखाद्या जुन्या दुपारीसारखं निःशब्द झालं.

दुसऱ्या दिवशी ती ओसरी, त्या शेंगा, ते ऊन. एक साधीशी झुंज हुलग्याने जिंकली, तो एकोणतिसाव्या पायरीवर गेला आणि उजळू लागला. मला सगळं ठाऊक होतं. अजून एकच पायरी. बटण अंगठ्याखाली. आणि तरीही त्या पांढऱ्या प्रकाशात त्याची बाह्यरेषा विरघळताना, मिशा लोपताना, त्या वाटोळ्या देहातून काहीतरी लांबट, अनोळखी आकाराला येताना मी नुसती बघत राहिले; आणि जेव्हा संगीत उंचावून थांबलं तेव्हा समोर एक काळसर कवचाचा, रुंद पंखांचा, भारदस्त प्राणी उभा होता. त्याच्या डोक्यावर नाव अजून तेच होतं. हुलगा. ते त्याला धाकट्या भावाच्या सदऱ्यासारखं तोकडं होत होतं.

मी असं का केलं? गेले कित्येक दिवस मी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली आहेत. नऊ वेळा अडवलेलं रूप एकदा पाहावं, हे कुतूहल होतं? की एका मुलीच्या अंतर्ज्ञानापुढे माझी वही हरते, याचा सूक्ष्म राग? की उन्हाची गुंगी, नुसता आळस? प्रत्येक उत्तर थोडं खरं वाटतं आणि हातात घेतलं की ओल्या साबणासारखं निसटतं. मी फोन बंद करून चालू केला. जुनी स्थिती परत मिळते का ते शोधलं. मिळत नव्हती. मग सांगायची वाक्यं मनाशी जुळवू लागले: फोन अडकला होता, कुणीतरी दारात आलं होतं. वर्गात चुकीचं उत्तर पुसून टाकणाऱ्या मुलांना मी ज्या नजरेने पाहते, ती नजर त्या दिवशी घरभर माझ्यावर रोखलेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला घ्यायला मी बसने देवगाव फाट्यावर गेले. विलास तिला तिथवर सोडणार होता. रस्त्याकडेच्या करडईवर ऊन पिवळं सांडलेलं. चहाच्या टपरीशी ती दोघं आधीच उभी होती. समीक्षाच्या केसांत ज्वारीचा कोंडा अडकलेला होता आणि अंगाला भाजलेल्या हुरड्याचा धुरकट वास येत होता.

“आक्का, पोरगी लय उंच झाली गं,” विलास हसत म्हणाला. “तिच्या मायनं दसऱ्याला घेतलेला ड्रेस पार वर गेलाय. तुला रोज बघून कळंना झालंय.”

खरंच कळलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहीपर्यंत तिने माझ्या पर्समधून फोन काढलाही होता.

काचेतला तो कवचाचा, पंखांचा हुलगा तिने पाहिला. बापाचा निरोप घेतला, बस आली, आम्ही खिडकीपाशी बसलो. ती फोनकडे पाहत होती आणि मी तिच्या बोटांकडे. जुळवून आणलेली सगळी वाक्यं मी एकेक करून मागे सारत होते. सेलूच्या अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, अगदी हळू:

“दाबायचं राहिलं, का तू दाबलं न्हाईस?”

एवढ्या नेमकेपणाने मला आजवर कुणी प्रश्न विचारला नव्हता.

“खरं सांगू?” मी म्हणाले. “मला कळत नाही, समीक्षा. अंगठा तिथंच होता. मला दाबायचंही होतं. पण दाबलं नाही.”

तिने फोन मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाली, “मला बी कळंना झालं होतं. रोज न्हाई म्हणू म्हणू कटाळले होते. म्हणून तर तुझ्यापाशी ठेवून गेले.”

मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. आणि तेवढ्यात तिने तोंड खिडकीकडे वळवलं आणि ती रडू लागली. आवाज न करता, खांदे आवळून, मोठी माणसं रडतात तशी. तिला हवं होतं तेच झालं होतं, तर हे रडणं कसलं? आणि नको ते झालं होतं, तर फोन माझ्या हाती सोपवून जाणं कसलं? मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, जवळही आली नाही. काचेबाहेर तुरीची रानं मागे सरकत राहिली.

घरी आल्यावर तिने हात-पाय धुतले, भाकरी खाल्ली, गृहपाठ काढला. संध्याकाळचं तिरपं ऊन भिंतीवर चढत होतं. वहीतून मान वर न करता ती म्हणाली, “बदलताना त्याला दुखलं असंल का?”

सोळा वर्षं मी मुलांना उत्तरं देत आले आहे. “माहीत नाही,” मी म्हणाले. “दिसलं तरी नाही.”

“तू बघायली होतीस ना पण? शेवटपर्यंत?”

“बघत होते.”

“नजर न्हाई हटवलीस?”

“नाही हटवली.”

“मग बरं,” ती म्हणाली आणि पुढचं गणित सोडवू लागली.

त्या “बरं”मध्ये क्षमा होती की नुसता एक विषय संपवणं होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. ती तो खेळ खेळते; त्या भारदस्त प्राण्याला कधी झुंजीत उतरवते, कधी दिवसचे दिवस उतरवत नाही, आणि मी कारण विचारत नाही. वहीच्या मागच्या पानांवरचे माझे आकडेही तिथेच थांबले आहेत. फक्त एक झालं आहे. सकाळी शाळेच्या आधी ती आरशासमोर वेणी घालत असते, आता एकटीच, माझ्या मदतीवाचून, तेव्हा मी दाराशी जरा जास्त वेळ रेंगाळते. तिथे घडत काहीच नसतं. तीन पेड, एक रबर, कपाळावर आलेली एक बट.

“काय बघायलीस, आत्या?” आरशातूनच ती विचारते.

“काही नाही,” मी म्हणते, आणि तिथेच उभी राहते.