आधी चुंबक, मग थंडी

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची सव्वीस वर्षं एक काळी चकती थंड करण्यात गेली होती. चुंबकाजवळ ठेवून तिच्यावर द्रव नायट्रोजन ओतला, की चुंबक काढून घेतल्यावरही त्याचं बळ ती आत धरून ठेवते. "डोळे मिटून करतो," असं साहेबांना सांगून आज पठ्ठ्याने आधी चकती थंड केली आणि मग चुंबक आणला. आत काही शिरेना.

घरी खुर्चीत पाय पसरून तो स्वतःच्याच अकलेचे वाभाडे काढत बायकोला म्हणाला, "एकदा थंड पडली, की काही आणा, ढिम्म!"

"अगंबाई! नळ गळतोय, हे मी तीन आठवडे तुम्ही खुर्चीत बसल्यावरच सांगतेय," बायको म्हणाली. "म्हणजे क्रम माझाच चुकला."