दिव्याला पडलेलं खळं

माझ्या अक्षराला हसू नये. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यातही भाताच्या दिवसांत मी घरीच असायची. ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते तेव्हाही कळत नव्हतं. आता तर एका डोळ्यानं लिहिते, त्यामुळे ओळ वर सुरू होते आणि खाली उतरत जाते. चुकलेलं समजून घ्यावं. मला चारचौघींत बोलता येत नाही. म्हणून डोळ्याचं जे झालं ते इथं उतरवून ठेवते.

डोकं दुखणं मला नवीन नव्हतं. पण लेक दहावीला होती त्या वर्षी ते फार वाढलं. दिवस मावळायला लागला की डाव्या भुवईच्या वर ठणका सुरू व्हायचा आणि डोळ्याच्या मागं जाऊन बसायचा. समोरचं धुरकट दिसायचं. मग मळमळायचं, ओकारी व्हायची, आणि मी डोक्याला फडकं आवळून अंधारात पडून राहायची. झोप लागली की सुटका. सकाळी उठले की काहीच नसायचं, म्हणून कुणाला खरंही वाटायचं नाही.

ओकून उतरतं म्हणजे पित्त, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, उपास सोड. मी सोडले. चहा बंद केला. कुणी म्हणालं चुलीचा धूर, म्हणून भाकरी गॅसवर करायला लागले. भोरच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, ते थोडं जास्त निघालं, गोळी सुरू झाली. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला. सहा महिन्यांत तो बदलला, दुसरा चष्मा केला, त्यातूनही धुरकटच. दुकानातल्या डोकेदुखीच्या गोळ्या तर मी चण्यासारख्या खाल्ल्या. प्रत्येकानं सांगितलेलं कारण खरं वाटायचं, कारण चार दिवस बरे जायचे.

मग एके संध्याकाळी ओट्यावर बसले होते, तर समोरच्या खांबावरच्या दिव्याभोवती गोल दिसलं. आत निळसर, बाहेर तांबडं. चंद्राला पडतं तसं. थोरल्या जाऊबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या.

"आक्का, दिव्याला खळं पडलंय बघा."

"दिव्याला? मग आता घरात पाऊस यायचा. भांडी लाव जा." आणि हसता हसता त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "धुरकटबी दिसतंय न्हवं? मोतीबिंदू हाय तुझा. मला असंच व्हायचं."

"मग दाखवायचं का?"

"येडी का काय! पिकूदे आधी. कच्चा काढला की डोळा जातुया. माझा दोन वरसं पिकवला, मग काढला. आता बघ, तांदळातला खडा दिसतुया मला."

जाऊबाईंना खरंच खडा दिसत होता. त्यांचं कोण ऐकणार नाही? घरात सगळ्यांना बरं वाटलं. काय झालंय ते कळलं होतं, आणि त्यासाठी काही करायचंही नव्हतं. फक्त थांबायचं होतं. लेकीचे वडील म्हणाले, दिवाळीनंतर बघू. दिवाळी येऊन गेली तरी मी डोळा पिकायची वाट बघत राहिले.

आमच्याकडे भाताच्या लावणीला मजूर लावत नाहीत. सावड असते. आज सगळ्या बायका एकीच्या भातखाचरात, उद्या दुसरीच्या. जी आपल्या शेतात जितके दिवस वाकली, तितके दिवस आपण तिच्या शेतात वाकायचं. पैसा मधे येत नाही. आजारी बाईसुद्धा घरातलं दुसरं माणूस पाठवते, पण आमच्याकडे पाठवायला कुणी नव्हतं. सासूबाईंचं वय झालेलं, जाऊबाई स्वतःच सावडीत, लेक शिकायला, तिचे वडील औतामागं.

पुढच्या लावणीचे दिवस आले. एका बाईच्या खाचरात लावणी चालली होती आणि दुसऱ्या दिवशी आमची होती. आभाळ इतकं भरलेलं की दुपारीच दिवेलागणीसारखं झालं होतं. खाली मान घालून रोप लावताना डाव्या डोळ्यात अशी कळ आली की मी चिखलात गुडघ्यावर बसले. बांधावर जाऊन ओकले. बायका जमल्या.

"डोळा लाल झालाय गं हिचा! जा घरी."

"ऱ्हाऊद्या. उद्या आमचं हाय."

"आमी येऊ की. तू न्हाई म्हणून थांबतंय व्हय भात?"

पण मला लाज वाटली. आपल्या शेतात बाया वाकणार आणि आपण घरात निजून राहणार, हे मला जमेना. गोळी घेतली, पदर डोळ्यावर बांधला आणि संध्याकाळपर्यंत लावलं. रात्रभर दुखलं. या वेळी सकाळी उठल्यावरही उतरलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी आमच्या खाचरात उभी राहिले. दुपारी जाऊबाईंनी माझा पदर सोडून बघितलं. बुबुळावर वाफ धरल्यासारखी दिसत होती म्हणे. त्यांनीच लेकीच्या वडलांना हाक मारली.

भोरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारली आणि खुर्चीवरून उठलेच. "आत्ताच्या गाडीनं पुण्याला जा. उद्यावर टाकू नका." एसटीत मी खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसले होते. तेव्हाही मला वाटत होतं, पिकला असेल, आता काढतील.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई लहान वयाच्या होत्या, पण बोलायच्या हळू. त्यांनी माझा उजवा डोळा हातानं झाकला आणि विचारलं, "मावशी, किती बोटं?"

मला बोटं दिसली नाहीत. हात दिसला नाही. खिडकी होती तिकडं नुसतं पांढरं होतं. आजवर मी एक डोळा झाकून कधी बघितलंच नव्हतं.

"किती दिवस दुखतंय?"

"दोन वर्षं होत आली. मोतीबिंदू पिकायची वाट बघत होतो," लेकीचे वडील म्हणाले.

त्यांनी पेन आणि कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या, "मोतीबिंदू दुखत नसतो, मावशी. हा काचबिंदू आहे." त्यांनी कागदावर डोळा काढून दाखवला. डोळ्यात पाणी तयार होतं, त्याला बाहेर जायला वाट असते, माझी वाट मुळातच अरुंद. अंधार झाला की बाहुली मोठी होते आणि वाट बंद पडते, डोळ्याचं प्रेशर चढतं, म्हणून डोकं दुखतं, ओकारी येते, दिव्याभोवती रंग दिसतात. झोपलं की बाहुली बारीक होते आणि वाट उघडते. मी ज्याला पित्त म्हणत होते ते सगळं त्या कागदावर होतं. डावा डोळा परत येणार नाही, हेही त्यांनी तसंच हळू सांगितलं. उजवा वाचवायचा होता.

"घरात आणखी कुणाचा डोळा गेलाय का?"

माझं माहेर वेल्ह्याकडे डोंगरात. माझी आई शेवटची बरीच वर्षं भिंतीला हात लावून चालायची. तिच्याही डोक्याला कायम फडकं असायचं. तिचा मोतीबिंदू पिकून वाया गेला, असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो. मी होय म्हणून मान हलवली.

उजव्या डोळ्याला आधी लेझर केलं. प्रेशर उतरेना, मग ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "थेंब एकही दिवस चुकवायचे नाहीत. आणि चिखलाचं पाणी या डोळ्यात जाता कामा नये. आता कधीच नाही. मुलीचे डोळेही तपासून घ्या." लेकीचे तपासले. तिचीही वाट अरुंद निघाली. तिला वेळेवर लेझर झालं.  नंतर बसमध्ये ती माझ्या मांडीवर हात ठेवून बसली.

मी दवाखान्यात होते तेव्हा बायकांनी आमची उरलेली लावणी उरकली होती. त्यांचे दिवस माझ्याकडे फेडायचे राहिले. पुढच्या पावसाळ्यात मी चष्मा लावून त्यांच्याबरोबर खाचरात उतरले. एका डोळ्याला खोली कळत नाही, रोप लावायला हात घातला तो भलतीकडेच पडला आणि चिखल गालावर उडाला. जाऊबाईंनी मला दंडाला धरून बांधावर ओढलं.

"भाईर हो! उद्या घास कोण भरवणार तुला? मी?" आवाज मोठा होता, आणि माझ्या गालावरचा चिखल त्या पदरानं पुसत होत्या. पिकूदे म्हणाल्या होत्या ते त्या कधी बोलल्या नाहीत. मीही तो विषय काढला नाही.

तेव्हा मी ठरवलं की दिवसांची मजुरी द्यायची. अंडी आणि करवंदं भोरच्या बाजारात पाठवून पैसे साठवायला लागले. पहिलीकडे गेले तर ती चिडली.

"सावडीचं पैसं? मी काय दुकान मांडलंय व्हय? घेऊन जा ते."

"मला वाकता येत न्हाई. आन् तुझं दिवस अंगावर ठेववत न्हाईत," एवढंच बोलता आलं मला. नोटा तिच्या चुलीशेजारी ठेवून मी निघून आले.

एकेकीचं करत दोन पावसाळे गेले. सावडीतून आमचं घर सुटलं, आता आमच्या लावणीला पैशावर बायका येतात. शेवटची राहिली होती ती खालच्या आळीतली. तिनं नाही म्हटलं नाही. बांधावर उभ्या उभ्या पैसे घेतले, न मोजता कमरेला खोचले, "फिटलं गं तुझं," म्हणाली, आणि परत खाचरात उतरली.