रविवारची सावड

त्या कौटुंबिक न्यायालयात मी पहिली बाई न्यायाधीश. तरी सगळे मला ‘साहेब’च म्हणत. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू! आदेश पटकन द्यायचा आणि तो कुणी मोडला की राग नाकावर, अशी माझी ख्याती होती.

खालापूरकडच्या एका भातशेतकऱ्याचा घटस्फोटाचा दावा माझ्यापुढे होता. सात वर्षांची मुलगी आईजवळ शहरात राहत होती. बापाने दर रविवारी येऊन तिला दोन तास भेटावं, असं मीच ठरवून दिलं. रविवारी सगळ्यांनाच सुट्टी, त्यात चुकण्यासारखं काय होतं? पण जुलैत तो सलग तीन रविवार आलाच नाही. आईने अर्ज केला की बापाला पोरीची ओढ नाही, भेटी बंद करा.

तो समोर आला तशी मी कडाडले, “मुलगी हवी आहे की नको?”

“हवी हाय, सायेब. पण लावणीची सावड हाय. मी दुसऱ्यांच्या शेतात नाय गेलो, तर माज्या शेतात कोण येल?”

“मग ती रविवारीच कशाला?”

“बाकीचे कंपनीत जातात. रविवारीच घरी असतात.”

माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कातडी भिजून पांढरी, सोललेली. मी भिवपुरीच्या शेतकऱ्याची लेक. आमच्या लावणीलाही शेजारी येत आणि वडील त्यांच्या खाचरात राबून फेड करत. ते मी साफ विसरले होते. फार लाज वाटली.

मी त्याच्या बायकोला विचारलं, “तिथे सात-आठ लावण्या केल्यात ना? सावड ठाऊक नव्हती?”

तिनेही त्याच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, “ठाऊक हाय, सायेब. राग होता.”

रागाचं मला कळतं. तिने अर्ज मागे घेतला. लावणीपुरत्या भेटी मी शनिवारी, खालापुरातच ठेवल्या, आणि मुलीला तिथवर घेऊन जायचं तिने आपणहून कबूल केलं.

लावणी आटोपल्यावर मी मुलीला माझ्या खोलीत बोलावलं. पप्पांना भेटून काय करतेस, म्हणून विचारलं.

“पायाला तेल लावते. हळदीचं. आईच देते बाटलीत भरून.”

घटस्फोट पुढे झालाच. पण त्या भेटींवरून माझ्याकडे पुन्हा कधी अर्ज आला नाही.

मुलगी माझ्याशी बोलून गेली, त्याच आठवड्यात मी भिवपुरीला गेले. वडिलांनी ऐंशी ओलांडलेली, शेती कधीच सुटलेली. लहानपणी लावणीच्या दिवसांत मी पुस्तकात डोकं खुपसून बसायचे आणि ते मला उठवत नसत. मी वाटीत तेल कोमट केलं, हळद घातली आणि त्यांच्या पायाशी बसले.

“अगं, आता कुठल्या चिखल्या? सायेब झालीस ना तू? ऊठ बघू.”

मी उठले नाही. जरा वेळाने त्यांनी दुसरा पाय आपणहून पुढे केला.