जेवलात का, पुरावा काय
"पुरावा काय?" आमच्या ऑफिसातले काका भुवया उडवून विचारायचे. बाहेर बर्फ पडतोय असं कोणी म्हटलं तरी खिडकीपर्यंत जाऊन बघून यायचे. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. जर्सी सिटीतलं आमचं ऑफिस अमेरिकन सरकारची परदेशातली मदत नीट पोचते का ते तपासायचं, त्यामुळे तिथे हा गुण ठरायचा. घरी काकूंनी तो कसा सोसला, देव जाणे.

आमचं शेवटचं काम जॉर्डनमधल्या एका दवाखान्याचं. पॅलेस्टिनी निर्वासितांचा हा दवाखाना अमेरिकेच्या मदतीवर चालायचा. ती पुढे द्यायची की नाही, हे आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं. निदान आम्हाला तसं सांगितलं होतं.

फॉर्मवर 'तात्पुरती छावणी' असं छापलेलं. तिथली नर्स व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "माझी आईसुद्धा इथेच जन्मली." काकांनी 'तात्पुरती' खोडलं. साहेबाने परत घातलं.

"जाऊ द्या हो काका," मी म्हटलं, "मी अकरा वर्षं व्हिसावर तात्पुरतीच आहे की."

"तुझ्याकडे त्याचा पुरावा तरी आहे."

प्रत्येक कॉलला ते आधी मराठीत "जेवलात का?" विचारायचे, मग इंग्रजीत अर्थ सांगायचे. आमच्या सकाळी तिथली दुपार कलंडलेली असायची. नर्सचं उत्तर ठरलेलं, "आधी पेशंट." माझं ऐकून तीही त्यांना काका म्हणायला लागली. प्रश्न यादीत नाही म्हणून साहेबाने तो रेकॉर्डमधून डिलीट करायला लावला. काका विचारतच राहिले.

दवाखाना उत्तम चालतो, मदत चालू ठेवावी, असं त्यांनी पुराव्यांसकट लिहिलं. सबमिट करायच्या आदल्या दिवशी वॉशिंग्टनहून दोन ओळींची मेल आली. मदत बंद, रिपोर्टची गरज नाही. त्यातच आमचं कॉन्ट्रॅक्टही गेलं. काकांनी उलट मेल केली, "पुरावा काय?"

नर्सला कळवायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं. कॉल लागेपर्यंत आमच्याकडे दुपारचे दोन वाजून गेले, तिकडे रात्र झाली. त्यांनी कसंबसं सगळं सांगितलं. जेवणाचं मात्र आज विचारलं नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

पलीकडून तीच मोडक्या मराठीत म्हणाली, "काका, जेवलात का?"

"हो," काका म्हणाले.

त्यांचा डबा सकाळपासून माझ्यासमोर टेबलावर तसाच बंद होता. मी पुरावा मागितला नाही.